अविश्वासाची संहिता

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 531 कलमे आहेत आणि गुन्हा कशाला म्हणायचे हे ठरवणे त्यांचे काम नाही. ते काम भारतीय न्याय संहितेचे. पुरावा म्हणून काय चालेल, काय नाही, हे भारतीय साक्ष अधिनियम पाहतो. पण कोणीतरी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देतो तिथपासून अपिलाचा निकाल लागून शिक्षेची अंमलबजावणी होईपर्यंत कोणी काय करायचे, किती दिवसांत करायचे, कोणासमोर आणि कोणाच्या सहीने, हा सगळा पसारा या एका संहितेत मांडलेला आहे. 1 जुलै 2024 पासून ती लागू झाली आणि 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे वकिलांच्या तोंडची 'सीआरपीसी', मागे पडली.

विधी महाविद्यालयांत हा पेपर मुलांचा नावडता असतो. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक मुले रंगून सांगतात. त्याच मुलांना विचारावे, पोलिसांनी कोठडी मागितली तर दंडाधिकाऱ्याने नेमके काय तपासायचे, की वर्ग खाली बघू लागतो. यात मुलांचा दोष थोडा आणि शिकवण्याचा जास्त. हा विषय आपण कलमांच्या यादीसारखा शिकवत आलो: अमुक कलमात अटक, तमुक कलमात झडती, पाठ करा आणि लिहा. नियम कळतो, पण तो असा का, याचा पत्ता लागत नाही. मग परीक्षा झाल्यावर महिनाभरात तो विसरलाही जातो.

संहितेची ओळख करून देणारे हे पुस्तक माझ्या हाती आले तेव्हा लेखकाने दुसरी वाट धरलेली दिसली, आणि मला ती पटली. त्याचे म्हणणे माझ्या शब्दांत असे: ही संहिता अविश्वासावर उभी आहे. पोलिसांवर तिचा पुरता विश्वास नाही, फिर्यादीवर नाही, आरोपीवर तर नाहीच, आणि खुद्द न्यायाधीशावरही तिने पूर्ण भरवसा टाकलेला नाही. कोणतेही कलम वाचताना 'इथे कायद्याला कोणाचा संशय आहे?' एवढे विचारले की कलम बोलू लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. तपासी अंमलदार साक्षीदाराचा जबाब नोंदवतो, पण त्यावर साक्षीदाराची सही घेत नाही. नव्या विद्यार्थ्याला हे उलटेच वाटते. भाडेकरारावर सही, बँकेच्या अर्जावर सही, मग खुनाच्या खटल्यातल्या जबाबावर का नको? कारण ठाण्यात बसून दिलेल्या जबाबाने साक्षीदार बांधला जाऊ नये. कागदावर काय उतरले, ते त्याच्याच तोंडचे की लिहिणाऱ्याचे, याची खात्री कायद्याला नाही. म्हणून तो जबाब पुरावा ठरत नाही. न्यायालयात साक्षीदाराने वेगळे सांगितले तर उलटतपासणीत त्याला त्यावरून टोकता येते, इतकाच त्याचा मुख्य उपयोग. जुने कलम 162, नवे 181.

दुसरे उदाहरण पंचनाम्याचे. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून...' ही सुरुवात महाराष्ट्रातल्या कोणत्याही ठाण्यातल्या कागदात सापडेल. झडतीच्या वेळी परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बरोबर घ्यावेत, असे कायदा सांगतो. घरात शिरलेल्या पोलिसाने चाकू शोधला की ठेवला, हे पाहायला दोन परके डोळे हवेत, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात ठाण्याजवळचा पानवाला आणि त्याच्या शेजारचा रिक्षावाला डझनभर पंचनाम्यांत पंच म्हणून भेटतात आणि न्यायालयात 'सही माझी आहे, मजकूर माहीत नाही' म्हणून मोकळे होतात. पंच फितूर झाला की जप्तीच डळमळते. नव्या संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे केले ते यासाठीच. माणसाच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, म्हणून कॅमेरा आणला. तो कधी सुरू केला आणि मध्येच का थांबवला, हा वाद आता न्यायालयात रंगेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

हा अविश्वास एका दिवसात आलेला नाही. पेशवाईत दिवाणी वादांसाठी पंचायत, मजालस (न्यायसभा), महजर (निवाडापत्र) अशी बऱ्यापैकी बसलेली रीत होती; रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आजही न्यायाशी जोडले जाते ते उगाच नाही. गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र पकडणारा, चौकशी करणारा आणि दंड ठोठावणारा हात पुष्कळदा एकच असे. पुण्याचा कोतवाल घाशीराम हे त्याचे टोक. 1791 मध्ये परप्रांतातून आलेल्या काही ब्राह्मणांना संशयावरून कोंदट खोलीत कोंडले गेले आणि त्यांतले अनेक गुदमरून मेले. त्यावर शहर खवळले आणि घाशीरामाला लोकांच्या हवाली करण्यात आले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. तेंडुलकरांच्या नाटकामुळे ही गोष्ट घरोघर ठाऊक झाली, पण कायद्याच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहावे. कोठडीत मेलेल्यांची चौकशी झाली नव्हती आणि त्यांना मारणाऱ्याचीही झाली नाही. दोन्हीकडे प्रक्रिया नव्हतीच.

कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी 1827 मध्ये एल्फिन्स्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी नियमावली आणली. बाकी हिंदुस्थानात मात्र इलाख्याइलाख्यात वेगळे कायदे, आणि मुंबई-कलकत्ता-मद्रास या शहरांत वेगळे, असा गोंधळ होता. 1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने महसूल आणि पोलीस अंमलदार कबुली व वसुलीसाठी काय काय करतात, हे कागदावर आणले. 1861 ची पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात घ्यायची नाही, असा नियम तिच्यात होता. पुढे 1872 मध्ये तो साक्ष कायद्यात गेला आणि आज नव्या साक्ष अधिनियमातही आहे. साम्राज्याने स्वतःच्याच पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास दीडशे वर्षांहून जास्त टिकला. स्वतंत्र भारतानेही तो काढून टाकला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

1872, 1882, 1898 अशा संहिता येत गेल्या. 1882 ची पहिल्यांदा इलाख्यांच्या शहरांना आणि मुलुखाला एकत्र बांधणारी. त्यांचा सगळा तपशील इथे नको. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या संहितांमध्ये गोऱ्या आरोपीसाठी वेगळी तरतूद होती. हिंदी न्यायाधीशाला त्याचा खटला चालवू द्यावा की नाही, यावरून 1883 मध्ये इल्बर्ट विधेयकाचा गदारोळ उठला, आणि हा वंशभेद पूर्णपणे निघाला तो थेट 1949 मध्ये. म्हणजे अविश्वास नेहमी दुबळ्याच्या बाजूनेच असतो असे नाही. तो कधी कोणाच्या सोयीचा असतो, हेही पाहावे लागते.

जिथे संहिता अविश्वास ठेवू शकत नाही, जिथे तिला न्यायाधीशाच्या विवेकावर सोडून द्यावेच लागते, तिथे काय होते? याचे सर्वांत चांगले उदाहरण मुंबईतले आहे. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन आधी नाकारला गेला. मग न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. टिळकांच्या बाजूने तेव्हा उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. 1908 मध्ये टिळक पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली आले, जामिनासाठी जीनांनी युक्तिवाद केला आणि जामीन नाकारला गेला. नाकारणारे न्यायाधीश होते दिनशा दावर! पुढे सात युरोपियन आणि दोन पारशी ज्यूरींनी सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाचा जामिनाचा अधिकार दोन्ही वेळा तितकाच मोकळा होता. जामिनाचे प्रकरण वाचताना विद्यार्थ्याने दावर यांना डोळ्यांसमोर ठेवावे. वकील म्हणून मांडलेला मुद्दा खुर्चीत बसल्यावर कसा दिसतो, हे कोणत्याही कलमात लिहिता येत नाही.

ज्यूरीच्या विवेकाचीही अशीच कसोटी लागली. 1959 च्या नानावटी प्रकरणात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे दोषसिद्धी झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सामान्य नागरिकांच्या कौलावरचा विश्वास आधीच कमी होत चालला होता. 1973 च्या संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

दंडाधिकारी आणि कार्यकारी अधिकारी वेगळे करणे, हा आणखी एक मोठा टप्पा. जो कलेक्टर कायदा-सुव्यवस्था सांभाळतो त्याच्याच हाताखालच्या माणसाने आरोपीचा निवाडा करायचा, ही रीत मुंबई राज्याने 1951 च्या कायद्याने मोडली. देशभर ती मोडायला 1973 ची संहिता यावी लागली. कार्यकारी दंडाधिकारी मात्र आजही आहेत, आणि आपल्याकडे 'चॅप्टर केस' नावाने ओळखली जाणारी प्रतिबंधक कारवाई त्यांच्यासमोरच चालते. गणपती किंवा निवडणूक जवळ आली की ज्यांच्या दारात पोलीस बाँड लिहून घ्यायला येतात, त्यांच्यासाठी फौजदारी प्रक्रिया म्हणजे हीच. पाठ्यपुस्तके या भागाला दोन पाने देऊन सोडतात. या पुस्तकाने त्याला अख्खे प्रकरण दिले, याचे मला समाधान वाटते.

1973 च्या संहितेतली अविश्वासाची दोन कलमे विशेष आहेत. पहिले अटकपूर्व जामिनाचे. 1969 च्या विधी आयोगाच्या अहवालात त्याचे कारण स्पष्ट आहे: वजनदार माणसे विरोधकाची बेअब्रू करण्यासाठी खोट्या गुन्ह्यात त्याला काही दिवस आत बसवतात. इथे संशय फिर्यादीवर आहे. दुसरे मुदतीत आरोपपत्र न आल्यास मिळणाऱ्या जामिनाचे. 1898 च्या संहितेत तपासासाठी पंधरा दिवसांची कोठडी होती. ती अपुरी पडते म्हणून पोलीस अर्धवट अहवाल दाखल करून वेगळ्याच कलमाखाली कोठडी लांबवत राहायचे. त्यावर तोडगा म्हणून साठ दिवस, आणि 1978 पासून गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवस, अशी मुदत आली. मुदत टळली की जामीन हा हक्क, मग गुन्हा कितीही भयंकर असो. मात्र एक अट विसरू नये. मुदत संपल्यावर सकाळी अर्ज केला आणि दुपारी आरोपपत्र आले तर हक्क टिकतो. आधी आरोपपत्र आणि मग अर्ज असेल तर तो गेला. चांगला फौजदारी वकील दिवस मोजतो, वाईट वकील तारीख मागतो.

राज्यघटनेने या सगळ्याला वरून आधार दिला. अनुच्छेद 20, 21, 22 हा तो आधार, आणि 1978 च्या मनेका गांधी निकालानंतर 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे पक्के झाले. त्याच वर्षीच्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने कैद्याला निकालाची मोफत प्रत आणि मोफत वकील यांचा हक्क सांगितला. 1979 चा हुसैनारा खातून बिहारच्या कच्च्या कैद्यांचा. 1983 मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांसाठी महिला पोलीस, स्वतंत्र कोठडी आणि सत्र न्यायाधीशांची अचानक भेट असे आदेश निघाले. अटकेबाबतच्या डी. के. बसू, अर्नेश कुमार या निकालांची नावे विद्यार्थ्याला पुढे रोज ऐकायची आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत आणि लेखी द्यावीत, असे सर्व गुन्ह्यांसाठी सांगितले. मराठीत काम करणाऱ्या वकिलाला हा निकाल फार उपयोगी आहे.

या विषयात विचारांचे गट कोणते, असे विद्यार्थी विचारतात. हर्बर्ट पॅकर या अमेरिकन अभ्यासकाने 1964 मध्ये दोन प्रतिमाने मांडली. एकात गुन्ह्याला आळा घालणे महत्त्वाचे, म्हणून वेग आणि निकाल. दुसऱ्यात चूक होऊ न देणे महत्त्वाचे, म्हणून पायरीपायरीवर अडथळे. जगातल्या व्यवस्थांची दुसरी विभागणी जुनी आहे. इंग्रजी परंपरेत दोन बाजू लढतात आणि न्यायाधीश पंच असतो. फ्रान्ससारख्या देशांत न्यायाधीश स्वतः चौकशीत उतरतो. 2003 मध्ये न्या. मलिमथ समितीने आपणही त्या दुसऱ्या वाटेने थोडे जावे, अशी शिफारस केली. ती पुष्कळांना रुचली नाही, मलाही नाही. ज्या देशात तपासाचा दर्जा हाच प्रश्न आहे, तिथे न्यायाधीशाला तपासात ओढून तो प्रश्न सुटत नाही. तिसरा प्रवाह पीडितांचा. वर्षानुवर्षे फिर्यादी हा सरकारचा एक साक्षीदार, एवढीच त्याची किंमत होती. 2008 च्या दुरुस्तीने त्याला अपिलाचा आणि नुकसानभरपाईचा हक्क दिला. आपल्याकडे 2013 ची मनोधैर्य योजना त्याच वळणावरची.

आता हे सगळे शिकण्याची निकड काय? एक तर नवी संहिता. तिने कुठेही गुन्हा घडला तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद घेणे लेखी कायद्यात आणले. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही करायची आहे. सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचे आहे. निकाल युक्तिवाद संपल्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत. हे चांगले आहे. पण पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. आधी ते पहिल्या पंधरा दिवसांतच संपत. न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाला पुन्हा पोलिसांकडे परत जावे लागेल ही भीती जामिनाच्या अर्जावर कसा परिणाम करते, हे मी तालुक्याच्या न्यायालयांत बघतो आहे. कलम 479 पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सोडायला सांगते. पण त्याच्याच दुसऱ्या पोटकलमात एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर नाही, असे बजावते. एकाच घटनेत तीन-चार कलमे लावणे हा आपल्याकडचा रिवाज, तेव्हा पहिल्या पोटकलमाने दिलेले दुसऱ्याने किती काढून घेतले, हे विद्यार्थ्यानेच मोजून पाहावे. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांतले साधारण तीन कच्चे आहेत.

दुसरे कारण न्यायालयातच दिसते. रिमांडची, म्हणजे कोठडी मागण्याची, वेळ एकदा बघून यावी. दुपारी न्यायालयाच्या व्हरांड्यात दोन शिपायांच्या मध्ये बसलेला मुलगा, हवालदाराच्या हातात केस डायरी आणि रिमांड रिपोर्ट. पुकारा होतो. दंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' मुलगा मान हलवतो. सरकारी वकील म्हणतात, मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदार फरार आहेत. बचावाचा वकील असला तर बोलतो. 'दोन दिवस पीसीआर', म्हणजे पोलीस कोठडी. किंवा 'एमसीआर', म्हणजे न्यायालयीन कोठडी. पाच मिनिटेही लागत नाहीत. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचा घटनेतला हक्क प्रत्यक्षात असा दिसतो. ज्या प्रश्नाला त्या मुलाने मान हलवून उत्तर दिले, तो प्रश्न पोलिसांना बाहेर काढून विचारला होता का? ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना पाहायला सांगतो.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे. मोक्का, यूएपीए, मनी लाँडरिंगचा कायदा यांना पुस्तकाने हात लावलेला नाही. पहिल्या ओळखीत ते नकोत, असे त्याचे म्हणणे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे परवडत नाही, असे मला वाटते. 1999 च्या मोक्कात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते आणि आरोपपत्राची मुदत एकशेऐंशी दिवसांपर्यंत वाढते. 1861 पासून जपलेला अविश्वास एका राज्य कायद्याने बाजूला ठेवला. अपवाद इतके वाढले असताना नुसता नियम शिकवला तर मुलांची समजूत अर्धीच राहील. पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढावे, ही विनंती.

एक व्यावहारिक सूचना. 1 जुलै 2024 पूर्वी सुरू असलेले खटले आणि अपिले जुन्याच संहितेने चालणार, तेव्हा पुढची कित्येक वर्षे दोन्ही क्रमांक डोक्यात ठेवावे लागतील. गावोगाव जमावबंदीला '144 लागू' म्हणतात. नव्या संहितेत 144 हे बायको-मुलांच्या पोटगीचे कलम झाले आहे आणि जमावबंदी 163 मध्ये गेली आहे. पुस्तकात जुना क्रमांक सगळीकडे शेजारी दिला आहे. मूळ कायद्याची प्रत मात्र उघडी ठेवूनच ते वाचावे, आणि पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये. अटक आणि रिमांड आधी, मग जामीन, मग तपास, मग खटला. दुसऱ्या कलमातल्या व्याख्या अगदी शेवटी वाचल्या तरी चालतील.